भाताचा देश

राजेश्वरी आणि दिगंबरराव लोणावळ्याहून आले ते आजोबांच्या पित्राला, पण गाडीतून उतरतानाच राजेश्वरीच्या हातात फोन होता आणि कोमलने ओळखलं की आज पितरांच्या आधी तुर्कस्तान वाढलं जाणार. राजेश्वरी नणंद, त्यातून थोरली, त्यातून शाळेत शिकवणारी. एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीला नेईपर्यंत तिला घास गोड लागत नसे. यंदा तिने आई-आबांना परदेश दाखवायचं मनावर घेतलं होतं.

ओट्यावर बसलेल्या दत्तोबांनी लेकीला बघताच बजावलं, पितरांच्या दिवसांत नवं काही ठरवायचं नसतं. राजेश्वरी म्हणाली, आज नुसतं बोलायचं, पक्कं घटस्थापनेला करायचं. तसंही दत्तोबांना यात बोलायला फारसं तोंड नव्हतं, कारण आपण येणार नाही हे त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. गुडघे दुखतात, म्हशींकडे कोण बघणार, आणि विमानात पाय कुठं ठेवायचे, अशी त्यांची कारणं होती, आणि विचारणारा बदलला की त्यांचा क्रम बदलायचा.

निलेशने कामशेतची भाताची गिरणी आज बंद ठेवली होती. त्याने आतून चांगली खुर्ची आणली, खांद्यावरच्या टॉवेलने पुसली आणि बहिणीपुढे ठेवली. कोमलला त्या खुर्चीचं फार अप्रूप वाटलं. पवना धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून जो जमिनीचा तुकडा होता, तो दत्तोबांनी सगळाच्या सगळा निलेशच्या नावावर केला, तेव्हा राजेश्वरीने तोंडातून अक्षर न काढता सही केली होती आणि मग माहेरची वाटच सोडली होती. दोन भाऊबिजा निलेश पाट मांडून बसला आणि उठला. यंदा गणपतीत ती आपणहून आली, गणपतीपुढे हात जोडले, आणि जमिनीचा ज काढण्याऐवजी म्हणाली, "निलू, आईला कुठंतरी नेऊन आणू." तेव्हापासून बहीणभावांचे रोज फोन चालत. विषय परदेशाचा असायचा, पण त्या निमित्ताने दोघं एकमेकांचा आवाज ऐकतात, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणीही बोलून दाखवत नव्हतं.

खरं तर या दोन्ही घरांतलं कुणी कधी सहलीला म्हणून गेलेलंच नव्हतं. दिगंबरराव लोणावळ्यातल्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने देत. पावसाळाभर मुंबई-पुण्याच्या लोकांना भुशी धरणाची वाट सांगून त्यांचा घसा बसायचा आणि नाताळात पुन्हा तेच. इकडे दिवाळीच्या सुट्टीत भातकापणी, मे महिन्यात रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजायचे. सुट्टी दुसऱ्यांनी घ्यायची आणि आपण त्यांना चहा द्यायचा, असा दोन्ही घरांचा शिरस्ता होता. दोघांचे हंगाम चुकवता चुकवता शेवटी मोठ्या मुश्किलीने फेब्रुवारी सापडला होता.

देश मात्र आधी दुसराच ठरत होता. दिगंबररावांकडे उतरलेल्या एका कुटुंबाने व्हिएतनामचं फार कौतुक केलं होतं. जुनी देवळं, नदीतल्या होड्या, रस्त्याकडेला बुटक्या स्टुलांवर बसून खायचे गरमागरम पदार्थ, पूर्वजांच्या तसबिरीपुढे रोज उदबत्ती लावणारी माणसं. राजेश्वरीला ते ऐकूनच पटलं. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून कोमलनेच विचारलं होतं, "तिथं आईंनी खायचं काय?"

त्या एका प्रश्नाने व्हिएतनाम बुडालं. कारण कोमलच्या सासूबाई, नंदाबाई, भात खात नसत.

नंदाबाईंनी भात काशीला सोडला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी गावातली भजनाची मंडळी काशीला निघाली, त्यांच्याबरोबर दत्तोबा बायकोला घेऊन गेले. काशीला गेलं की एक आवडती गोष्ट गंगेवर सोडून यायची आणि पुन्हा जन्मात तोंडात घालायची नाही, ही रीत. माणसं हुशार असतात. कुणी पडवळ सोडलं, कुणी दुधी सोडला, दत्तोबांनी कारलं सोडलं, जे त्यांनी आयुष्यात कधी खाल्लेलंच नव्हतं. त्यावरून त्यांची अजून थट्टा व्हायची आणि तेही मिशीत हसायचे. नंदाबाई मात्र भात सोडून आल्या. नुसता भात नाही, तांदळाची भाकरी, पोहे, गणपतीच्या मोदकाची पारीसुद्धा. ज्या घरात गिरणी भाताची, शेत भाताचं, आणि शेजारच्या घरापर्यंत इंद्रायणी तांदळाचा वास जातो, त्या घरात ही बाई ज्वारीची नाहीतर नाचणीची भाकरी खाऊन उठायची. पण भात रोज त्याच शिजवायच्या. शीत दोन बोटांत दाबून बघायच्या आणि आच कमी करायच्या. त्यांच्यासारखा भात कोमलला आजवर साधलेला नव्हता.

म्हणून तुर्कस्तान. तिथली माणसं रोट्यांवर जगतात म्हटल्यावर राजेश्वरीने कंबर कसली. कुठल्या गावी कुठली रोटी मिळते, तीळ लावलेलं पावाचं कडं रस्त्यावर कसं विकतात, वांग्याचं भरीत तिथंही करतात, दही तर विचारूच नका, असं सगळं तिने शोधून ठेवलं. आईला एका जेवणालासुद्धा उपाशी राहावं लागू नये, यासाठी तिने रात्रीचा दिवस केला होता. आताही ती ओट्यावर भावाला एकेक फोटो दाखवत होती आणि निलेश प्रत्येक रोटीला मान डोलावत होता.

कोमल आत आली. नंदाबाई चुलीपुढे खीर ढवळत होत्या. बाहेर मागच्या खाचरात भात नुकता निसवला होता, लोंब्या बाहेर पडल्या होत्या आणि खिडकीतून त्याचा कोवळा वास येत होता. कोमलने भेंडी चिरायला घेतली, पण तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. तुर्कस्तानाच्या बातमीने सगळे खूश होते आणि एकट्या कोमलला ती खुपत होती.

त्याला कारण मागच्या आठवड्यातली दुपार. जेवणं उरकून ती आडवी झाली होती आणि फोन सासूबाईंकडे होता. त्यांना कीर्तन लावून दिलं होतं. कोमलला जाग आली तर कीर्तन केव्हाच संपलेलं, आणि नंदाबाई डोळ्यांजवळ फोन धरून काहीतरी बघत होत्या. राजेश्वरीने मागे पाठवलेला व्हिएतनामचा व्हिडिओ होता तो. निमुळत्या टोप्या घातलेल्या बायका गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावत होत्या आणि एकेक पाऊल मागं सरत होत्या. संपला की नंदाबाई तो पुन्हा सुरवातीपासून लावायच्या.

कोमल शेजारी जाऊन बसली होती. मग नंदाबाईच बोलल्या होत्या. "ही म्हातारी बघ. माज्याच वयाची असंल. कशी हसतीया. लावताना रोप तीन बोटांनी धरतीया, आमच्यावानीच." थोड्या वेळाने म्हणाल्या, "टोपी न्हवं, इरलंच हाय की ते. माजी आय घालायची तसलं." आणि मग, फोन परत देताना, हळू आवाजात, "तितं गेलं तर एक मूठ तरी लावू देतील का गं मला?"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंनी स्वतःसाठी काही मागितलेलं कोमलने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आणि ते जिथं होतं, तो देश तिनेच बंद करून टाकला होता. चांगल्या हेतूने केला होता, पण त्यामुळे तिला बरं वाटत नव्हतं.

आता भेंडी बाजूला सारून ती म्हणाली, "आई, मी ताईंना सांगते आज."

नंदाबाईंची पळी थांबली. त्यांनी दाराकडे बघितलं. ओट्यावरून निलेशचं हसणं ऐकू येत होतं, आणि त्यात राजेश्वरीचं.

"काय बोलू नगंस," त्या म्हणाल्या. "लेक भावाशी बोलाया लागलीया. ती म्हनंल तितं मी जाईन. तिच्या हौसंवर पानी नगं फिरवूस."

"पण तुमच्या मनात तुर्कस्तानला जायचं नाहीये."

"माज्या मनात ही दोगं अशी हसत ऱ्हावीत एवडंच हाय," नंदाबाई म्हणाल्या आणि खिरीत वेलदोडा घातला. त्यांनी विषय संपवला म्हणजे तो संपायचा. कोमलने भेंडी पुन्हा पुढ्यात ओढली.

घास काढून झाला, पितरांना हात जोडून झाले, आणि पानं मांडली. माहेरवाशीण म्हणून राजेश्वरी पहिल्याच पंगतीला बसली. नंदाबाई भाताचं भांडं घेऊन वाढत होत्या आणि त्यांच्या मागून कोमल वरण. दोन घास पोटात गेले तसं दिगंबररावांनी घसा खाकरला. माणूस मोठा सज्जन, पण वाईट बातमी नेहमी सासुरवाडीला येऊन सांगायचा. तिथं बायको आवाज चढवत नाही, हा त्यांचा जुना अनुभव होता.

त्यांनी सांगितलं ते एवढंच की फेब्रुवारीत तुर्कस्तानात कडाक्याची थंडी असते, बऱ्याच ठिकाणी बर्फ पडतो, आणि मामींना ते सोसेल का हे जरा बघायला हवं. राजेश्वरीने विचारलं, हे आज कळलं का? त्यावर ते भेंडीची भाजी छान झालीये म्हणाले. निलेशने आधी बहिणीची बाजू घेतली, स्वेटर घेऊ, मोजे घेऊ. मग दाजींनी बर्फाचा फोटो दाखवला तसा तो त्यांच्याकडे झुकला. लोहगडावर धुकं उतरलं तरी आईला कापरं भरतं, ती बर्फात काय बघणार, असं म्हणाला, आणि पुढे सहज बोलून गेला की मग राहू दे यंदा, पुढच्या वर्षी बघू.

राजेश्वरीचा घास हातातच राहिला.

"पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, निलू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण त्यातलं पाणी सगळ्यांना ऐकू आलं. "राहू दे. या घरात मी ठरवलेलं काही होत नसतं. मला माहीत असायला हवं होतं."

हे तुर्कस्तानाबद्दल नव्हतं. रस्त्याकडचा तो तुकडा येऊन सगळ्यांच्या पानांमध्ये बसला होता. निलेशचा चेहरा उतरला, दत्तोबा पानाकडे बघत राहिले. कोमलला वाटलं, जे सांभाळण्यासाठी आईंनी आपलं तोंड बंद केलं, ते आता डोळ्यांदेखत मोडतंय. मग गप्प राहून कुणाचं भलं होणार आहे? तिने वरणाचं भांडं खाली ठेवलं.

"ताई, व्हिएतनामला जाऊ या," ती म्हणाली.

राजेश्वरीने वर बघितलं. "तूच नको म्हणाली होतीस."

"हो, मीच. आईंना न विचारता म्हणाले. तुम्ही तुर्कस्तान ठरवलंत, तेही त्यांना न विचारता. त्यांच्यावरच्या मायेनंच केलं सगळ्यांनी, पण विचारलं कुणीच नाही."

"कोमल," नंदाबाई म्हणाल्या. नुसतं नाव, पण त्यात ताकीद होती.

या वेळी कोमलने ऐकलं नाही. तिने सगळं सांगितलं. पुन्हा पुन्हा लावलेला व्हिडिओ, ती हसणारी म्हातारी, इरलं, आणि एक मूठ रोपं.

निलेशने आईकडे बघून विचारलं, हे खरं का? नंदाबाईंनी नेहमीचं उत्तर दिलं, मला काय, तुम्ही न्याल तिकडं येईन. पण राजेश्वरी लेक होती. आई डोळ्याला डोळा देत नाही म्हणजे काय, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती कळवळून म्हणाली, "अगं पण तिथं सकाळ-संध्याकाळ भातच. शेवया तांदळाच्या, पापड तांदळाचे. आम्ही तुझ्यासमोर बसून खायचं आणि तू नुसतं बघायचंस? मला नाही गं जमणार ते."

नंदाबाईंनी हातातल्या भांड्याकडे बघितलं. भाताची वाफ त्यांच्या तोंडावर येत होती.

"मग हितं काय करती मी?" त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, लेकीला काहीतरी समजावून सांगावं तसं त्या बोलल्या. "रोज वाढतीच की तुमास्नी. खायाचा सोडलाय म्या. बघायचा न्हाई सोडला, लावायचा न्हाई सोडला. त्यो कुटं बी पिकू दे, मला त्यो माजाच वाटतो."

इतकी वर्षं या घरात सगळे नंदाबाईंच्या हातचा भात पोटभर खात आले होते. त्यांच्यासमोर बसून, आणखी वाढ म्हणत. त्यात कुणाला कधी संकोच वाटला नव्हता, आणि आज एकदम परदेशातल्या भाताचा मात्र सगळ्यांना संकोच वाटत होता.

"मग सोडलास कशाला?" राजेश्वरीने शेवटी विचारलं. "दोडका सोडायचास. घोसाळं सोडायचंस."

"गंगेला आवडतं त्ये द्यायचं असतंय," नंदाबाई म्हणाल्या. "मी लय इचार केला. आवडतं म्हनावं असं माज्याकडं दुसरं व्हतं काय?"

राजेश्वरी पानावरून उठली. खरकटा उजवा हात लांब धरून तिने डाव्या हाताने आईला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. नंदाबाई भांडं सावरत तशाच उभ्या राहिल्या. पित्राच्या पंगतीतून मधेच उठू नये, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

"तू बोलली का नाहीस गं?" राजेश्वरीने विचारलं.

"तुमी दोगं बोलाया लागला व्हता," आई म्हणाली. "त्यात मी कशाला बोलू?"

हे ऐकून निलेशने मान खाली घातली. जमिनीच्या कागदांवर सह्या झाल्या त्या दिवसापासून बहिणीला काहीतरी म्हणायचं त्याच्या मनात होतं, आणि ते त्याला एकदाही नीट जमलं नव्हतं. आजही ते जमलं नाही. तो एवढंच म्हणाला, "ताई, तू ठरव. कुठं जायचं, कधी जायचं, सगळं तू. या घरात आता तू म्हणशील तसं होईल." मग पुढे म्हणाला, "आणि भाऊबीजेला ये. मी पाट मांडतो दर वर्षी."

राजेश्वरीने मानेनेच हो म्हटलं. कोमलने हलकेच तिला पानावर बसवलं, वरणाची धार धरली, आणि तेवढ्यात नणंदेने तिचा हात दाबला. जमिनीच्या वादात कोमलचं नाव नसताना राजेश्वरी सगळ्यांत जास्त तिच्यावरच रागावली होती, आणि तो राग या हात दाबण्यात निघून गेला, असं कोमलला वाटलं.

दिगंबररावांना हवा बदललेली बरोबर कळायची. त्यांनी लगेच डाव्या हाताने पुन्हा फोन उघडला आणि जाहीर केलं की फेब्रुवारीत तिकडे उत्तरेला हवा छान असते, आणि विशेष म्हणजे भाताची लावणीही त्याच सुमाराला चालते. निलेश म्हणाला, दाजी, हे आज कळलं का? त्यावर राजेश्वरीसुद्धा हसली, डोळे पुसत पुसत. मग आईसाठी काय काय न्यायचं याची चर्चा सुरू झाली. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, भाजणी. तिथं लांबोडका पाव मिळतो, तो गव्हाचा असतो का हे बघायचं राजेश्वरीने स्वतःकडे घेतलं. शेतकऱ्याच्या घरी उतरता येईल का, आणि त्यांच्या खाचरात आईला उतरू देतील का, हे दिगंबररावांनी विचारायचं ठरलं. नंदाबाई पुन्हा भात वाढायला लागल्या होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष बोलण्याकडे होतं आणि कुणाच्या पानात किती पडतोय याकडे त्या बघत नव्हत्या. निलेशच्या पानात भाताचा डोंगर झाला आणि तो पुरे न म्हणता खात राहिला.

या सगळ्यात दत्तोबांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कोमलचं गेलं, कारण त्यांना वरण हवं का हे विचारायला ती वाकली. त्यांनी हातानेच नको म्हटलं. पानातला भात कालवलेला तसाच होता आणि ते बायकोकडे बघत होते. लेक, मुलगा, जावई यांच्या गलक्यात उभी असलेली, हातात भांडं घेतलेली ही बाई आपण कधी नीट बघितलीच नव्हती, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"अगं," त्यांनी हाक मारली.

नंदाबाई वळल्या. त्यांना वाटलं, भात हवा असेल. त्या पुढे आल्या.

"काशीला मी तुला नेलं व्हतं," दत्तोबा म्हणाले.

"व्हय, नेलं व्हतं की."

म्हातारा जरा घुटमळला. बोलणं थांबवून आता सगळेच त्यांच्याकडे बघायला लागले होते. ना गुडघ्यांचं नाव निघालं, ना म्हशींचं.

"तितं तू मला नेशील का?" त्यांनी विचारलं.

आजवर दत्तोबांनी बायकोला सांगितलं होतं, बजावलं होतं, क्वचित कधी विचारलंही होतं, पण मागितलं कधी नव्हतं. नंदाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं, आणि कोमलला वाटलं, त्या व्हिडिओतली म्हातारी हसत होती ते हे असंच.

"नेईन की," त्या म्हणाल्या. "पन तितं मी म्होरं चालनार. बांध अरुंद असत्यात, दोगं शेजारी मावत न्हाईत."

उभा जन्म बायकोच्या पुढे चालत आलेल्या दत्तोबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरं."